डायलिसिस तालुक्याला हवे

विषाणूचा तीव्र संसर्ग फुप्फुसांवर किंवा रक्तावर घाला घालतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. २०२०-२१ च्या करोना साथीने ती अपुरी ठरविली. अतिदक्षता विभागांतील अनेक रुग्णांची मूत्रपिंडे बंद पडली व त्यांना डायलिसिसवर ठेवावे लागले. डेंग्यूतही रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळला, की मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही. त्यातच वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर इजा वाढते.

ही इजा पुष्कळदा भरून येते, हे ध्यानात घेतले पाहिजे. काही दिवस यंत्राने रक्त शुद्ध केले, तर मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. मात्र उपचार वेळेवर मिळाला पाहिजे, आणि नेमकी वेळच गरिबाजवळ नसते.

वणीहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. २०१६ साली जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जिल्हा रुग्णालय केंद्रस्थानी धरून आखला गेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च मिळतो, हे स्वागतार्ह आहे. परंतु योजनेचे कार्ड यंत्राला जवळ आणीत नाही. बुडालेली मजुरी आणि सोबत जाणाऱ्याचा खर्च कुटुंबावरच पडतो. वणी परिसरातील कोळशावर वीजकेंद्रे चालतात. कोळसा कंपनीच्या कायम कामगाराला कंपनीची वैद्यकीय सोय आहे; कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीला मात्र सरकारी दवाखान्याखेरीज आधार नाही.

यंत्राचे उद्घाटन म्हणजे सेवा नव्हे. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. शिवाय अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा. यांपैकी एकाची उणीव असली, तरी यंत्र धूळ खात पडते. म्हणून मागणी नेमकी हवी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात या सर्वांसह डायलिसिसची सोय असावी. तीव्र तापाच्या रुग्णाचे लघवीचे प्रमाण प्राथमिक आरोग्य केंद्रातच नोंदले जावे व क्रिएटिनिनची तपासणी विनाविलंब व्हावी. रुग्ण हलवावा लागल्यास जिल्ह्याची हद्द न पाहता रस्त्याने जवळच्या चंद्रपूरला नेण्याची मोफत व्यवस्था असावी.

कार्यकर्त्यांनी पुढच्या साथीची वाट पाहू नये. पावसाळ्यापूर्वीच रुग्णालयात जाऊन पाणी, वीज व तंत्रज्ञ यांची चौकशी करावी आणि उत्तर लेखी मागावे. उपचार हा हक्क मानला, तर तो वेळेत मिळणे हाही त्या हक्काचाच भाग आहे.