बचत राष्ट्राची, भुर्दंड वाहनधारकाचा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालचे होते. ते २०२५ वर ओढले गेले आणि त्याच वर्षी गाठलेही गेले. खनिज तेलाच्या आयातीवरील परकीय चलन वाचावे, ऊस व मका पिकविणाऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे, हा हेतू नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या बचतीची किंमत कोणी मोजावी, हा.

इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. १० टक्के मिश्रणापुरत्या जुळविलेल्या जुन्या मोटारींची इंधन-कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यानेच नमूद केले होते. टर्बोचार्जर असलेल्या जुन्या मोटारीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक वरचा असल्याने अशा इंजिनाला त्याचा लाभ होऊ शकतो. परंतु त्यासाठी ठिणगीची वेळ व इंधनाचे प्रमाण नव्याने जुळवावे लागते. शिवाय या इंधनाचा पुरवठा अधिक लागतो. पंप व इंजेक्टर पूर्ण भारावर आधीच मर्यादेशी पोचलेले असतील, तर मिश्रण विरळ होऊन इंजिन अधिक तापते. रबरी नळ्या व सील यांची झीज निराळीच.

टर्बो मोटारीच्या मालकाची तक्रार निदान ऐकू तरी येते. जुन्या दुचाकीवरून दूध घालणाऱ्याचे वा कामावर जाणाऱ्या गवंड्याचे ३-४ टक्के मात्र रोजच्या मिळकतीतून मुकाट्याने जातात.

मिश्रित इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवून ही घट भरून काढावी आणि जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे इंधन उपलब्ध ठेवावे, असेही त्याच आराखड्यात सुचविले होते. उद्दिष्ट तेवढे उचलले गेले, ग्राहकाचे संरक्षण कागदावर राहिले. इथेनॉलच आता महाग झाले आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग लवकर बदलावे लागतील, पण तो खर्च किरकोळ आहे, असेही सांगितले. किरकोळ कोणाला? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा दरवाजा बंद झाला, म्हणून राजकीय जबाबदारी संपत नाही.

शेतकरी विरुद्ध वाहनधारक असा वाद पेटविणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे असते. वस्तुतः शेतकऱ्याला रास्त भाव आणि वाहनधारकाला रास्त दर या परस्परविरोधी मागण्या नाहीत. मिश्रित इंधनावरील करात ऊर्जेच्या घटीइतकी सवलत, जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रणाचा पर्याय आणि प्रत्येक पंपावर मिश्रणाच्या प्रमाणाचा ठळक फलक, या किमान मागण्या आहेत. राष्ट्राची बचत ही सर्वांची असेल, तर तिचा भारही सर्वांनी ऐपतीप्रमाणे वाटून घेतला पाहिजे.