मातीची मतदारयादी

काचेच्या बशीत वाढवायला घेतले, तर मातीतल्या शंभर जिवाणूंपैकी जेमतेम एखादा वाढतो. म्हणून आता थेट मातीतून डीएनए काढायचा, १६-एस जनुकाचा क्रम वाचायचा, की नावांची यादी तयार! पण मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मातीत टिकून राहतो; २०१६ साली अमेरिकन संशोधकांना तो सरासरी ४० टक्के आढळला. आमच्या गावच्या मतदारयादीसारखेच म्हणायचे! शिवाय नाव कळले म्हणून गुण कळले, असे होत नाही. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्या जिवाणूपासूनच मिळाले, तेही त्याला बशीत वाढवून पाहिल्यामुळे. आम्ही कलाशाखेचे, प्रयोगशाळेत आमचे काय चालणार! तरी नवे यंत्र आले म्हणून बशा कपाटात टाकणे आम्हाला पटत नाही.