पैसा कोणाच्या खात्यात?

बराकपूर म्हटलं की आठवतो तो मंगल पांडे आणि १८५७ चा उठाव. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावरचं हे छावणीचं गाव तागाच्या गिरण्यांसाठीही प्रसिद्ध. पण गिरण्यांची धुराडी मागे टाकून पूर्वेकडे गेलं, की भाताची, तागाची, भाजीपाल्याची शेतं लागतात. तागावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाही इथंच, नीलगंजला आहे. या शेतकऱ्यांनी २०१९ पासून एक अजब नाटक पाहिलं. दोन सरकारं पैसे द्यायला तयार, आणि भांडण मात्र देण्यावरूनच!

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानं ‘पीएम-किसान’ योजना सुरू केली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. पश्चिम बंगाल सरकारनं त्याच सुमारास ‘कृषक बंधू’ आणली. एकर किंवा त्याहून जास्त जमीन असेल तर वर्षाला ५,००० रुपये. केंद्राचा पैसा आमच्यामार्फत वाटा, असा राज्याचा आग्रह होता. केंद्राला ते मान्य नव्हतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं दोन वर्षं तिसऱ्याचाच तोटा झाला. अखेर विधानसभा निवडणूक आटोपल्यावर, १४ मे २०२१ ला बंगालच्या सुमारे ७ लाख शेतकऱ्यांच्या खात्यात केंद्राचा पहिला हप्ता पडला. पुढच्याच महिन्यात राज्यानं आपली रक्कम दुप्पट, म्हणजे १०,००० रुपये केली. जमीन कमी असली, तरी किमान ४,०००.

भांडण मिटलं, पण शेतकरी म्हणायचं कोणाला, हा प्रश्न उरलाच. पीएम-किसानचा पैसा मिळतो तो जमिनीच्या कागदावर नाव असणाऱ्याला. घाम कोणाचा गळतो, हे कागद सांगत नाही. कृषक बंधूनं मात्र नोंद झालेल्या बर्गादारालाही, म्हणजे वाट्यानं शेती करणाऱ्यालाही, पात्र ठरवलं. ते शक्य झालं १९७८ च्या ‘ऑपरेशन बर्गा’मुळे. त्या मोहिमेत सरकारी अधिकाऱ्यांनी गावोगावी शिबिरं घेऊन वाटेकऱ्यांची नावं नोंदवली होती. चाळीस वर्षांपूर्वीची ती नोंद अशी कामी आली. तोंडी बोलीवर कसणाऱ्याजवळ मात्र दाखवायला कागदच नव्हता.

आपल्याकडचं चित्र फार वेगळं नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ सुरू करून केंद्राच्या सहा हजारांत आपले सहा हजार घातले. म्हणजे वर्षाला १२,०००. पण ‘नमो’चा हप्ताही पीएम-किसानच्या लाभार्थ्यांनाच, म्हणजे पुन्हा सातबाऱ्यावरचं नाव आलंच. पेरणीपासून मळणीपर्यंत राबणाऱ्या किती बायकांचं नाव त्या उताऱ्यावर असतं? नवऱ्याच्या बरोबरीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर यावं, म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली, तिलाही आता तीसहून अधिक वर्षं झाली.

नवरा-बायको दोघांची नावं असली तरी कुटुंबाला हप्ता एकच मिळतो, हे खरं. पण घरचा कर्ता गेल्यावर वारसनोंद रखडली, तर तो एक हप्ताही बंद होतो. तेव्हा तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज वेळेत द्यावा, खातं आधारशी जोडलेलं आहे ना आणि ई-केवायसी झालं आहे ना, हे पाहावं. दोन हजारांचा हप्ता बी-बियाण्याला पुरतो की नाही, यावर वाद घालता येईल. पण त्यासाठी आधी तो हातात तर पडायला हवा!