सावली कामगाराची, टेबल मालकाचे



शहरातल्या कचेऱ्यांसाठी सध्या एक नवी टूम निघाली आहे. कर्मचाऱ्याला चार भिंतींत कोंडू नका, त्याला झाडाखाली बसवा. गच्चीवर हिरवळ, अंगणात बाकडी, बाकड्याला विजेचा प्लग, वर वेलींचा मांडव आणि मांडीवर लॅपटॉप. याने मन प्रसन्न राहते आणि कामाचा उरक वाढतो, असे आराखडे करणारे सांगतात. ऐकायला गोड आहे. झाडांशी आमचे वैर नाही. रेल्वे कॉलनीतल्या कडुलिंबाखाली आमच्या निम्म्या गेट मीटिंगा झाल्या आहेत. पण ही हिरवी भाषा कोण बोलतो आहे आणि कोणत्या जमिनीवर उभा राहून बोलतो आहे, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवायला आम्ही तयार नाही.

दिल्लीचेच उदाहरण घेऊ. संघटनेच्या कामाला गेलो की लक्ष्मीबाई नगरात माझा अनेकदा मुक्काम पडला, एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या क्वार्टरमध्ये. झाशीच्या राणीच्या नावाची ही वसाहत. आसपास किदवई नगर, सरोजिनी नगर, नौरोजी नगर. स्वातंत्र्यानंतर सरकारने आपल्या बाबू, चपराशी आणि टंकलेखकांसाठी वसवलेला हा मुलूख. बुटक्या चाळीवजा इमारती, पुढे मोकळे पटांगण, कडुलिंब आणि जांभळाची डेरेदार झाडे. थंडीत दुपारी बायका पटांगणात मटार सोलत, विणकाम करत बसायच्या. निवृत्त हेडक्लार्क उन्हाला पाठ देऊन शेजाऱ्यांचे पेन्शनचे अर्ज लिहून द्यायचे. उघड्यावरचे काम म्हणाल तर ते हेच होते. त्यासाठी कुणी सल्लागार नेमला नव्हता, आणि उरक किती वाढला ते कुणी मोजले नव्हते.

या मुलखाचे पुढे काय झाले? जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि महंमदपूर. १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे, अंदाजे खर्च ३२,८३५ कोटी रुपये. घरे वाढली पाहिजेत, यात वाद नाही. क्वार्टरच्या रांगेत नोकरीची अर्धी वर्षे काढणारे कर्मचारी आम्ही पाहिले आहेत. वाद पैशाच्या वाटेचा आहे. सरकार तिजोरीतून पैसा घालणार नव्हते. नौरोजी नगरात आणि सरोजिनी नगरच्या काही भागात व्यापारी जागा बांधून विकायची आणि त्या पैशात सगळे उरकायचे, असा बेत होता. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या आपल्या जुन्या ओळखीच्या ‘खाउजा’चेच हे धाकटे भावंड.

मग झाडे आली आड. जून २०१८ मध्ये लोकांना कळले की या कामासाठी चौदा ते सोळा हजार झाडे जाणार आहेत. सरोजिनी नगर, नेताजी नगरचे रहिवासी झाडांना कवटाळून उभे राहिले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तोड थांबली आणि आराखडे बदलून झाडे वाचवू असे मंत्रालयाला जाहीर करावे लागले. पण नौरोजी नगरातली बरीच झाडे तोवर आडवी झाली होती. आज तिथे उंच कार्यालयीन मनोरे उभे आहेत, नाव ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’. ज्या दादाभाईंनी जन्मभर या देशातली संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला, त्यांच्या नावाच्या नगरात कर्मचाऱ्यांची पटांगणे विकून व्यापाराचे केंद्र झाले! आणि आता अशाच काचेच्या मनोऱ्यांच्या अंगणात ‘हिरवी कार्यस्थळे’ कशी मांडावीत याची चर्चा चालते. आधी कडुलिंबावर करवत चालवायची, मग कुंडीत मनीप्लांट लावून पर्यावरणाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगायचे.

झाडे मारत नाही, दुसरीकडे हलवतो, असेही सांगितले जाते. त्याचा हिशेब ऐका. दिल्ली सरकारनेच २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला सांगितले की, आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगली. आमच्याकडे बदलीवर पाठवलेल्या तीन माणसांतली दोन दगावली असती तर त्या बदलीला आम्ही कोणता शब्द वापरला असता?

आता हवामान पाहू. लक्ष्मीबाई नगरापासून सफदरजंगची वेधशाळा लांब नाही. २९ मे २०२४ रोजी तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. (त्याच दिवशी मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले म्हणून देशभर गाजले. तो यंत्रातला दोष होता, सुमारे तीन अंश जास्त दाखवत होते, असे हवामान खात्याने पुढे सांगितले. तीन अंश वजा केले म्हणून कुणाला गारवा वाटला असेल तर वाटो.) पुढे नोव्हेंबर आला की दिल्लीची हवा विषारी होते. १८ नोव्हेंबर २०२४ च्या सुमारास हवेचा निर्देशांक ४९० च्या पुढे गेला आणि लोकांना बाहेर पडू नका असे सांगावे लागले. म्हणजे उन्हाळ्यात ऊन आणि थंडीत धूर. लॅपटॉप घेऊन बाहेर बसण्याजोगे दिवस उरले किती? वसंतातले दोनएक महिने आणि पावसानंतरचे थोडे दिवस. बाकीच्या काळात दुपार सुसह्य करते ते जुने, रुंद, खोल मुळांचे झाड. ते एका निविदेत तयार होत नाही, त्याला चाळीस वर्षे लागतात.

पण या सगळ्या आराखड्यांत मला सर्वांत खटकते ते वेगळेच. उघड्यावर काम ही जणू नवी सवलत आहे, असे हे लोक बोलतात. अहो, या देशातल्या कोट्यवधी लोकांची कचेरी जन्मभर उघड्यावरच आहे! आमच्या ट्रॅकमनला विचारा. मे महिन्यात भुसावळच्या बाजूला या. रूळ तापला की तो फुगतो, ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेले की रूळ वाकण्याचा धोका असतो. म्हणून त्याच वेळी, बरोब्बर टळटळीत दुपारी, ‘हॉट वेदर पेट्रोलिंग’ची ड्यूटी लागते. जेव्हा सगळे जग सावली शोधते तेव्हा आमचा माणूस झेंडी, फटाके आणि पाण्याची बाटली घेऊन खडीवरून चालत असतो. त्याच्यासाठी दर दोन-तीन किलोमीटरवर एक शेड, एक मडके आणि दोन झाडे मागायला आम्हाला किती निवेदने द्यावी लागतात! ती फाइल ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परत येते.

त्या मनोऱ्याच्या दारावर पाहा. आत हिरवळ आणि कारंजे, बाहेर कंत्राटी सुरक्षारक्षक पत्र्याच्या खोपट्यात बारा तास. ती हिरवळ कापणारा माळी कंत्राटी. जेवणाच्या वेळी त्याला त्याच हिरवळीवर बसू देत नाहीत, कारण ती साहेबांच्या ‘प्रसन्नते’साठी आहे. अमेरिकेत सिॲटलला अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये काचेचे गोल घुमट उघडले, त्यात कर्मचाऱ्यांसाठी ४०,००० झाडे-रोपे. त्याच कंपनीच्या दिल्लीजवळच्या मानेसर गोदामातल्या कामगारांबद्दल जून २०२४ मध्ये काय छापून आले ते आठवा. ऐन उष्म्यात, ठरलेला माल उतरवून होईपर्यंत लघवीला किंवा पाण्याला जाणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली म्हणे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कंपनी म्हणाली, हा एखादाच प्रसंग. मान्य करू. पण घुमटातले रोप आणि गोदामातला माणूस यांपैकी पाणी कुणाला वेळेवर मिळत होते, एवढे तिने सांगावे.

कचेरीतल्या मित्रांनाही दोन शब्द. बँक, विमा आणि सरकारी खात्यातले आमचे भाऊ म्हणतील, दादा, आम्हाला मिळते आहे ते का नाकारता? नाकारत नाही. पण नीट बघा, मिळते आहे काय. दुपारची अर्ध्या तासाची सुटी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि दीडशेहून जास्त कामगार असतील तिथे विश्रांतीगृह लिहिले गेले, ते त्याआधीच्या कित्येक संपांमुळे. केंद्रीय सचिवालयाच्या हिरवळीवर थंडीत डबा सोडून पत्त्यांचा डाव मांडणाऱ्या बाबूंना वर्तमानपत्रांनी आळशी म्हणून हिणवले. आळशी कसले! ते झाडाखाली स्वतःच्या वेळेत बसले होते. आता झाड तेच, पण खाली टेबल आणि प्लग आला की ती वेळ साहेबाची झाली. मीटिंग झाडाखाली, फोन झाडाखाली आणि डबाही टाइप करता करता. विश्रांतीची जागाच कामाची जागा केली तर विश्रांती घ्यायला जाणार कुठे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. विश्रांतीगृहाची अट आता कारखाना आणि खाणीत पन्नासहून जास्त कामगारांवर आली. आकडा खाली आला हे खरे, तेवढे श्रेय देऊ. पण कचेरीच्या दारावरचा रक्षक आणि रस्त्यावरचा डिलिव्हरीवाला त्या कलमात कुठे बसतो? मे २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी बांधकाम मजुरांना दुपारी १२ ते ३ पगारी सुटी देण्याचा आदेश काढला होता. पारा उतरला की असे आदेश विसरले जातात. आम्हाला आदेश नको, कायद्यातले कलम हवे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी जमिनीवरच्या कोणत्याही कचेरीचा आराखडा मंजूर करण्याआधी तिथली उभी झाडे संघटनेच्या प्रतिनिधीसमोर मोजा, आणि इमारत झाडांभोवती बसवा. अंगणातली सावली कायम, कंत्राटी, माळी, सफाईवाली, रक्षक, सर्वांना सारखी खुली ठेवा. तिथे पिण्याचे पाणी आणि संडास द्या. विश्रांतीच्या वेळेत तिथे कामाचा फोन येता कामा नये. आणि उघड्यावर राबणाऱ्याला ठरावीक तापमानापुढे पगारी विसावा द्या. रेल्वेत तो रूळाच्या तापमानाला जोडता येईल, कारण ते आम्ही रोज मोजतोच.

प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात आपल्या कचेरीच्या, शेडच्या, यार्डाच्या आवारात फिरून झाडे किती, बसायची जागा किती आणि तिथे बसायला कुणाला मनाई आहे, याची यादी करावी. कंत्राटी कामगारांची नावे न घालता त्यांचे म्हणणे वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे, नाहीतर ठेकेदार त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवतो. दोन्ही कागद विभागीय कार्यालयात द्यावेत. पुढच्या संयुक्त सल्लागार बैठकीत हा विषय आपण पगाराच्या विषयाला लागूनच मांडणार आहोत.