कॉम्प्युटर शिकायचा म्हणून मराठी सोडायची का?



मुले सातवी-आठवीत गेली की आपल्या वर्गातली संख्या रोडावू लागते. कारण विचारले तर अलीकडे बहुधा एकच उत्तर मिळते, "आता कोडिंगचा क्लास लावलाय, दोन्ही जमत नाही." या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पालकांची काळजी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. जपानमध्ये एप्रिल 2022 पासून उच्च माध्यमिक शाळेत ‘जोहो इची’, म्हणजे ‘माहिती 1’, हा विषय सर्वांना सक्तीचा झाला. 19 जानेवारी 2025 रोजी विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत त्याची पहिली प्रश्नपत्रिका आली. वेळ 60 मिनिटे, गुण 100. राष्ट्रीय विद्यापीठांसाठी पूर्वी 900 गुणांची असलेली ही परीक्षा त्यामुळे 1000 गुणांची झाली. शिवाय 2022 साली सरकारी उच्च माध्यमिक शाळांत हा विषय शिकवणाऱ्या दर सहा शिक्षकांमागे जवळपास एकाकडे त्या विषयाचा नियमित परवाना नव्हता. अशा वेळी पालक बाहेरचा क्लास शोधणारच!

परंतु हा अभ्यासक्रम आखला कसा आहे, हे किती पालकांनी पाहिले आहे? त्याचे भाग चार. पहिला, माहितीयुगातले प्रश्न ओळखून सोडवणे. दुसरा, संवाद आणि माहितीची मांडणी. तिसरा, संगणक आणि प्रोग्रामिंग. चौथा, नेटवर्क आणि आकडेवारीचा उपयोग. पन्नास-पन्नास मिनिटांच्या सुमारे 70 तासिकांत हे सारे बसवायचे. म्हणजे ज्याला आपण कोडिंग म्हणतो, तो चारातला एक भाग. बाकीच्या भागांत प्रश्न समजून घेणे, नेमके बोलणे, दुसऱ्याला कळेल असे मांडणे यालाच महत्त्व. ही कामे भाषेची नव्हेत काय?

आणखी एक गंमत पाहा. सामायिक परीक्षेतला प्रोग्राम पायथॉनमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये नसतो. त्यासाठी जपानी शब्दांचीच एक पद्धत ठरवली आहे. त्यात ‘मोशी... नाराबा’ म्हणजे आपले ‘जर... तर’, आणि ‘सो दे नाकेरेबा’ म्हणजे ‘नाहीतर’. जपानीत क्रियापद शेवटी येते, मराठीतही शेवटीच येते. शिवाय ‘जोपर्यंत... तोपर्यंत’, ‘जो... तो’, ‘जितके... तितके’ अशा जोड्या आपल्या भाषेत घरोघरी बोलल्या जातात. अट कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे त्या जोड्याच सांगतात. ज्या मुलाला ‘जोपर्यंत... तोपर्यंत’चे वाक्य न अडखळता रचता येते, त्याला संगणकातली पुनरावृत्ती अर्धी समजलेली असते.

आमच्या पिढीने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. महाराष्ट्रात त्या वेळी अकरावी-बारावीला 200 गुणांचे ‘बायफोकल’ कॉम्प्युटर सायन्स घेता येई, आणि ते घेतले की दुसरी भाषा सुटे. पुष्कळ मुलांची मराठी तिथेच संपली. त्या अभ्यासक्रमात 8085 हा मायक्रोप्रोसेसर होता. तो 1976 सालचा. आज नोकरीत त्याचे रजिस्टर कोणी विचारत नाही. मात्र मोठे काम लहान पायऱ्यांत तोडणे, चूक कुठे आहे ते धीराने शोधणे आणि आपण काय केले ते सहकाऱ्याला चार ओळींत समजावणे, हे रोज लागते. साधने दहा-पंधरा वर्षांत बदलतात, सवयी राहतात. म्हणून माध्यमिक वयातला अभ्यासक्रम सवयींभोवती आखावा, साधनांभोवती नव्हे, असे आमचे ठाम मत आहे.

मग आपल्या वर्गात काय करता येईल? मोठ्या मुलांसाठी महिन्यातून एक तास ठेवावा. संगणकाचीही गरज नाही. तीन पाठ आम्ही सुचवतो.

पहिला पाठ कांदेपोह्यांचा. आजीला फोन करून कृती विचारा आणि पायऱ्या लिहा. ‘चवीपुरते मीठ’ आणि ‘कांदा शिजला की’ इथे मुले अडतील. माणसाला कळते ते यंत्राला का कळत नाही, हा पहिला धडा.

दुसरा पाठ रांगेचा. आपल्या गावात 1983 पासून टोकियो डिस्नीलँड आहे, तेव्हा रांगेचा अनुभव आपल्या मुलांना सांगायला नको! जो आधी आला तो आधी आत, हा नियम. एकाच्या दोन रांगा केल्या तर काय होईल? कोणाला मधे घेतले तर? हे मराठीत वाद घालून ठरवू द्या.

तिसरा पाठ उरायासुच्या जमिनीचा. 11 मार्च 2011 च्या भूकंपात समुद्रात भर घालून केलेल्या भागांत वाळूमिश्रित पाणी वर आले, रस्ते खचले. जुन्या मोतोमाचीत मात्र तसे फारसे झाले नाही. जुना नकाशा आणि नुकसानीचा नकाशा शेजारी ठेवून मुलांनी निष्कर्ष काढावा आणि दहा वाक्यांत लिहावा. आकडेवारीचा याहून जवळचा धडा कोठे मिळणार?

एवढ्याने जोहोचे गुण वाढतील असा आमचा दावा नाही. परीक्षा जपानीत आहे, त्यासाठी जपानी वाचनच पक्के हवे. ज्यांची मुले नदीपलीकडे कासाईला भारतीय शाळेत जातात, त्यांचा अभ्यास वेगळा. कोडिंगचा क्लास लावू नका, असेही आम्ही म्हणत नाही. तो मराठीच्या जागी नको, इतकेच म्हणतो. पायथॉन विसाव्या वर्षीही शिकता येतो. आजीला आपले म्हणणे तिच्या भाषेत समजावण्याची संधी मात्र वाट पाहत थांबत नाही.

तेव्हा वर्ग सोडण्याआधी एकदा शिक्षकांशी बोलावे, आणि वरील तासांसाठी महिन्यातून एक पालक पुढे यावा, ही नम्र विनंती. पहिला तास घ्यायला आम्ही तयार आहोत. पोहे मात्र तुम्ही आणा!