दान गायीला, घाव गायरानाला

१/ मराठेशाहीने घोडदळासाठी कुरणे राखली. कारण चाऱ्याविना स्वारी नाही, हे तिला उमगले होते. आपण ते विसरलो.

२/ कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळतो. पण त्या मेंढपाळांच्या मेंढ्यांना चरायला रान किती उरले, हे कोणी विचारत नाही.

३/ गायरान म्हणजे बेवारस जमीन नव्हे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास राज्यांना बजावले; भूमिहीनांसारखे अपवाद तेवढे मान्य केले.

४/ अमेरिकेत चराऊ कुरणांवर इमले उठू नयेत म्हणून देणगीदार विश्वस्त संस्थांना पैसा देतात. आपण गोशाळेत पेंढी टाकून पुण्य मोजतो! दानशूरहो, गायरानाच्या मोजणीला, पाणवठ्याला, गवताच्या बियाण्याला हात द्या. रानच बुडाले, तर गोदान कशाचे?