एक बिल्टी की दोन बिल्ट्या? परदेशवारीच्या तिकिटांचा हिशेब

कानपूरला माल पाठवायचा असला की आपण भिवंडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून एकच बिल्टी घेतो. वाटेत त्याने इंदूरला गाडी बदलली, गाठोडी दुसऱ्या ट्रकवर चढवली, दोन दिवस गोदामात ठेवली, तरी आपण जाब विचारतो तो त्यालाच. कारण बिल्टीवर कानपूर लिहिलेले असते. हाच माल एकाच्या बिल्टीवर इंदूरपर्यंत आणि दुसऱ्याच्या बिल्टीवर तेथून पुढे पाठवला, तर पहिला म्हणतो मी इंदूरला पोचवला आणि दुसरा म्हणतो माझ्या हातात वेळेवर आलाच नाही. दोघेही खरे बोलतात आणि भुर्दंड आपल्याला बसतो. ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या कुणाला शिकवावी लागत नाही. पण तोच व्यापारी विमानाचे तिकीट काढायला बसला की चार-सहा हजारांच्या फरकाकडे पाहून दोन बिल्ट्या खिशात घालून निघतो.

बारवी धरणाच्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात, कापड, जीन्स, चेन-बटण, लेस यांचा धंदा करणाऱ्या अनेकांना वर्षातून एक-दोनदा चीन गाठावे लागते. २०२० साली भारत आणि चीन यांच्यातली थेट विमाने बंद पडली, ती पाच वर्षे बंदच राहिली. त्या काळात लोक बँकॉक, हाँगकाँग, क्वालालंपूर अशा वाटांनी ग्वांगझूला जात होते. २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगझू आणि १० नोव्हेंबरला दिल्ली-ग्वांगझू विमान सुरू झाले. मुंबईकडच्या माणसाने या विमानांनी जायचे म्हटले तर आधी कोलकाता किंवा दिल्ली गाठावी लागते, आणि येथेच सुट्या तिकिटाचा मोह होतो. मुंबई-कोलकाता एका कंपनीचे स्वस्त तिकीट, पुढचे दुसऱ्या कंपनीचे. आखातात कामाला जाणारे कारागीर आणि उमऱ्याला निघालेले वडीलधारे यांचाही मामला हाच.

तिकीट म्हणजे कागद नव्हे, करार आहे. एकत्र तिकिटात सुरुवातीपासून शेवटच्या शहरापर्यंतच्या सगळ्या विमानांचा एक करार असतो. पहिले विमान उशिरा पोचले आणि दुसरे सुटले, तर पुढच्या विमानात बसवून मुक्कामी पोचवणे ही कंपनीची जबाबदारी. सुट्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण आलोच नाही. तिच्या वहीत आपल्या नावापुढे गैरहजर एवढीच नोंद होते आणि भाडे बुडते. दोन्ही तिकिटे एकाच कंपनीची असली तरी करार दोन असतील तर कंपनीने मेहरबानी म्हणून सोय केली तर केली, हक्काने काही मागता येत नाही.

आपल्या सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमही याच रेषेवर चालतो. विमान रद्द झाले, वेळेत कळवले नाही, आणि त्यामुळे पुढचे विमान चुकले, तर प्रवासाच्या वेळेनुसार ५,००० ते १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतील कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. पण चुकलेले पुढचे विमान त्याच तिकीट नंबरावर असले पाहिजे, असे नियमात स्पष्ट आहे. कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असले तर भरपाईही नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वैमानिकांचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. सरकारने पैसे परत करायला लावले ते रद्द झालेल्या विमानाचे. ज्याचे मुंबई-दिल्ली रद्द झाले आणि दिल्लीहून पुढचे तिकीट वेगळ्या कंपनीचे होते, त्याला पाच-सहा हजार परत मिळाले आणि पुढचे तीस हजार बुडाले. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत पंचाहत्तर वर्षांत झाला नव्हता असा पाऊस पडला, तेव्हाही तेच. विमानतळावर हजारो माणसे अडकली. एकत्र तिकीटवाल्याला त्रास झाला, रांगा लावाव्या लागल्या, पण त्याला न्यायची जबाबदारी कुणावर तरी होती. कापड ताग्यात सहसा फाटत नाही, जोडावर उसवते.

सामानाचा प्रश्न तर वेळेहून मोठा. एकत्र तिकिटात मुंबईला टाकलेल्या बॅगेवर साधारणपणे शेवटच्या शहराची चिठ्ठी लागते. सुट्या तिकिटात ती मधल्या शहरात पट्ट्यावरून उतरवून घ्यायची आणि पुन्हा रांगेत उभे राहून द्यायची. परदेशात हे करायचे म्हणजे आधी त्या देशात शिरावे लागते. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवाल्याला आत जाण्यासाठी २०१७ पासून आगाऊ नोंदणी लागू झाली. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसामाफी दिली खरी, पण मे २०२५ पासून संगणकावर भरायचे आगमनपत्र आले. बँकॉकला विमानतळही दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. मुंबईहून एकावर उतरलो आणि ग्वांगझूचे स्वस्त विमान दुसऱ्यावरून निघत असले तर मध्ये बँकॉकची वाहतूक आहे, आणि ती आपल्या शीळफाट्याची सख्खी बहीण! शिवाय वजन. आपल्या देशांतर्गत विमानात सर्वसाधारणपणे १५ किलो, पुढच्या आंतरराष्ट्रीय विमानात २५-३० किलो. कापडाचे नमुने आणि शेडकार्ड घेऊन निघालेला माणूस पहिल्याच काउंटरवर जादा वजनाचे पैसे मोजतो आणि वाचवलेल्या भाड्यातला मोठा भाग तेथेच जातो.

म्हणजे सुटे तिकीट कधीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. समजा, एकत्र तिकीट ४२ हजार आणि सुटी मिळून ३३ हजार. फरक ९ हजार. पुढचे विमान चुकले तर त्याच दिवशीचे नवे तिकीट २७ हजारांना पडते असे धरा. तीन फेऱ्यांत एकदा चुकले तर हिशेब बरोबरीत, दहांत एकदा चुकले तर सुटेच फायद्याचे. हा ९ हजारांचा फरक विम्याच्या हप्त्यासारखा आहे. सुटे तिकीट घेणारा स्वतःच विमा कंपनी होतो, आणि ज्याच्या गाठीला पैसा आणि हाताशी दिवस आहेत त्याने व्हायला हरकत नाही. मधल्या शहरात एक रात्र मुक्काम ठेवावा, हातातली पिशवी सोडून सामान नसावे, मग सुटे तिकीट ठीक. परतीची तारीख नक्की नसेल, माल तयार झाला की निघायचे असेल, तर परतीचे सुटे घेतलेलेच बरे, कारण एकत्र तिकिटाची तारीख बदलायची तर सगळ्याचा फरक भरावा लागतो. एकत्र तिकिटाचा आणखी एक जाच आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. पहिल्या टप्प्याला हजर राहिला नाहीत तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. तुम्ही आधीच कामानिमित्त दिल्लीत असाल आणि म्हणाल की मुंबई-दिल्ली सोडून देतो, येथूनच ग्वांगझूला बसतो, तर बसू देत नाहीत.

पण जेथे पलीकडे तारीख ठरलेली आहे तेथे हा जुगार नको. ग्वांगझूच्या कँटन फेअरमध्ये कपडे आणि घरगुती कापडाचा टप्पा वर्षातून दोनदा येतो आणि पाच दिवसांचा असतो. एक दिवस हुकला म्हणजे पाचवा हिस्सा गेला. नोकरीच्या व्हिसावर निघालेल्या जरी-कारागिराला हजर होण्याची तारीख दिलेली असते, आणि नव्या तिकिटाचे २७ हजार त्याच्या खिशात नसतात. त्याने स्वतः विमा कंपनी होणे म्हणजे कर्ज काढून होणे. खेद याचा वाटतो की सुटी तिकिटे नेमकी अशाच माणसाच्या हातात ठेवली जातात.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. आपला पहिला जोड विमानतळावर नसून घराच्या दारात आहे. पावसाळ्यात बारवी भरली की ७२.६० मीटरला तिचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि ते पाणी उल्हास नदीत येते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना आपत्ती दलाने बोटींतून काढले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जुलै-ऑगस्टच्या तिकिटात तीन तासांचे अंतर पुरेसे आहे असे ठाण्या-दादरच्या माणसाने म्हणावे, आपण नाही. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आपल्याला तो जवळ, म्हणून आनंदच. पण कोलकात्याहून येणारे विमान नवी मुंबईला उतरते आणि रात्री जेद्दाहला जाणारे सहारहून सुटते असे दोन कागद कुणी हातात देऊ शकतो, आणि दोन्हींवर शहर मुंबईच असते. तिकिटावर एनएमआय लिहिले आहे की बीओएम, एवढी तीन अक्षरे वाचून घ्यावीत.

एजंट एकाच कागदावर दोन्ही विमाने छापून देतो, तेवढ्याने तिकीट एक होत नाही. आरक्षणाचा सहा अक्षरी क्रमांक एक आहे का ते विचारावे, आणि त्याहून महत्त्वाचा तो तेरा आकडी तिकीट नंबर. त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. दोन विमानांना दोन निराळे नंबर दिसले की एजंटला तोंडावर विचारा, चुकले तर कोण नेणार? तो म्हणेल विमा काढू. काढा, पण दोन वेगळ्या तिकिटांमधले चुकलेले विमान त्या पॉलिसीत बसते का आणि मध्ये किती तासांचे अंतर हवे, ते आधी वाचून घ्या.

तक्रारीचे म्हणाल तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे ठाण्यात, दाद मागता येते. उमऱ्याच्या किंवा घरच्या प्रवासाला तो रस्ता सरळ आहे. व्यापारी प्रवासात मात्र समोरचा वकील पहिला मुद्दा काढतो की हा व्यावसायिक कारणासाठी केलेला प्रवास आहे, हा ग्राहकच नव्हे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला कायद्यात सवलत आहे, पण ते सिद्ध आपल्याला करावे लागते. म्हणून बोर्डिंग पास, उशिराचा संदेश आणि कंपनीने दिलेले कारण लेखी जपून ठेवावे. आणि जीएसटी नंबर असलेल्यांनी तो तिकीट काढतानाच घालावा, मागाहून बिल बदलून मिळवताना एजंटाच्या दुकानाच्या चार फेऱ्या होतात.